भिंगरीचं पिल्लू

भिंगरी आमच्याकडे आली ती मळक्या चादरींच्या गाडीतून.

मी इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढली. आधी पिळणी यंत्रावर, नंतर गरम रुळावर. रुळाच्या एका अंगानं ओली चादर घालायची, दुसऱ्या अंगानं ती पुठ्ठ्यासारखी कडक होऊन बाहेर यायची. बायको शेजारच्या खोलीत फाटक्या चादरींना ठिगळं लावायची. वरच्या वॉर्डांतले मळके कपडे चाकांच्या गाडीतून खाली येत आणि त्यांतून नको नको ते निघायचं. चष्मे, कवळ्या, एकदा तर कुणाचं तरी प्रेमपत्र. तेव्हा मला वाचता येत नव्हतं आणि बायकोनं ते वाचून दाखवायला साफ नकार दिला, त्यामुळे त्यात काय होतं ते आजही माहीत नाही.

अशीच एके दिवशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली कुंडी निघाली. कुणा रुग्णाच्या खिडकीतली असणार. माणूस गेला, नातेवाइकांनी सामान नेलं, कुंडी तेवढी राहिली, आणि वरच्या पोरांनी ती चादरींबरोबर खाली लोटून दिली.

"फेकू का?" मी विचारलं.

"तुमच्यापेक्षा बरी दिसतेय. राहू दे," बायको म्हणाली आणि कुंडी तिनं शिवणयंत्राशेजारच्या खिडकीत ठेवली.

पानं जाड, लवेची, मांजराच्या कानासारखी. सगळी जमिनीलगत गोल पसरलेली. दोन महिन्यांनी फूल आलं. पांढऱ्या पाच पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक जांभळा पट्टा. कागदाची भिंगरी असते ना, काडीला टाचणीनं टोचलेली, तशी. बायकोनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. खरं नाव आफ्रिकन व्हायोलेट, हे पुष्कळ नंतर कळलं. धुलाईघरात बारा महिने वाफ, आणि त्या खिडकीत थेट ऊन कधीच यायचं नाही, नुसता उजेड. भिंगरी अशी काही खूश झाली की वरच्या मजल्यावरच्या नर्सा तिला बघायला खाली यायच्या. त्यांच्या मुख्य होत्या मोठ्या सिस्टर, चादरीच्या घडीचे कोपरे बोटानं तपासणाऱ्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा बायकोनं त्यांना भिंगरीचं एक पिल्लू दिलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आम्ही दोघं निवृत्त झालो तेव्हा भिंगरी घरी आली, स्वयंपाकघराच्या खिडकीत.

दर रविवारी सकाळी बायको तिच्यापुढे बसायची. कुंडीला पाव वळसा द्यायची, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखा उजेड. पाणी वरून नाही, खालच्या बशीत. अर्ध्या तासात जेवढं शोषलं तेवढं, उरलेलं मोरीत. पानांवरची धूळ माझ्या दाढीच्या जुन्या ब्रशानं झाडायची. आणि शेवटी ठिगळाची जाड सुई घेऊन पानांच्या बेचक्यात उगवलेले बारके कोंब अलगद उचकून काढायची.

"हे काय काढतेस?"

"पिल्लं आहेत. ठेवली तर ही चारी बाजूंनी फुगते आणि फुलायचं विसरते."

मी दारात चहाचा कप घेऊन उभा असायचो. कप संपला की निघून जायचो. माझं सगळं शिक्षण असंच, बघून झालेलं. पिळणी बघून शिकलो, रूळ बघून शिकलो. बघून शिकणारा माणूस दारात उभा राहतो आणि दारातून अर्धीच खोली दिसते.

अक्षरं मात्र मी बसून शिकलो, अठ्ठावन्नाव्या वर्षी, बायकोकडून. आमची एकुलती एक लेक लांबच्या शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासते. रेल्वेनं दोन दिवसांचा रस्ता. तिला फोनवर चार शब्द लिहिता यावेत म्हणून मी शिकलो. जोडाक्षरं अडायची, म्हणून जी नीट जमायची तीच लिहायचो. 'जेवलो.' 'पाऊस आहे.' 'काळजी नको.' त्यातलं 'काळजी नको' मला सगळ्यात छान जमायचं. एकही चूक नाही.

बायकोला ताप आला तेव्हा तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पोरीला कळवा."

मी लिहिलं, 'आईला ताप. काळजी नको.' पाचव्या दिवशी तिला इस्पितळात नेलं. लेकीनं विचारलं, येऊ का? मी लिहिलं, 'बरी होते. काळजी नको.' ती बिचारी धावपळ करत येईल, रजा जाईल, आणि इथं पोहोचेपर्यंत आई उठून बसलेली असेल, असं मला खरंच वाटत होतं. लेक आली तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. चादरीच्या कोपऱ्याला ठिगळ होतं. टाका मी ओळखला. तिचाच.

लेक चार दिवस राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलली. निघताना म्हणाली, "बाबा, मला कपडे नकोत, भांडी नकोत. आईची भिंगरी तेवढी द्या."

"घेऊन जा की."

"आत्ता या थंडीत दोन दिवस गाडीत मरेल ती. पुढच्या वर्षी रजा टाकून येते, तेव्हा नेईन. तोवर जगवा."

"जगवतो."

"जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? झाड आहे ते, हत्ती आहे का?"

ती हसली नाही.

तर मी भिंगरी जगवायला लागलो. दर रविवारी पाव वळसा. ब्रशानं धूळ. सुईनं पिल्लं. पिल्लं उचकायला माझा हात चांगला बसला, पानाला धक्कासुद्धा लागायचा नाही. एकेक करून कचऱ्याच्या बादलीत. पाण्याचं मात्र रविवारवर भागेना. रिकाम्या घरात सकाळ फार लांब असते, आणि करायला दुसरं काही नसलं की माणूस पाणी घालतो. बशीत घातलं, मग वरूनही घातलं. चार महिन्यांनी पानं लुळी पडली. तहानली असेल म्हणून मी आणखी घातलं.

शेजारी शिलाईकाम करणाऱ्या वहिनी राहतात. त्या माप घ्यायची फीत गळ्यात टाकून आल्या आणि त्यांनी मातीत बोट खुपसलं.

"अहो भाऊजी, केवढं हे पाणी! इतकी विचारपूस मी माझ्या नवऱ्याचीही करत नाही."

"पण ती मान टाकतेय ना."

"बुडणारा माणूसही मान टाकतो. म्हणून त्याच्या नरड्यात पाणी ओताल?"

कुंडी पालथी केली तर मुळं काळी, बुळबुळीत. मधला गाभा बोटानं हलला. लेकीनं आख्ख्या घरातून एकच वस्तू मागितली होती.

"पानं अजून घट्ट आहेत," वहिनी म्हणाल्या. "पानापासून होतं हे. माझ्या मावशीनं डझनभर केली होती. पान खोचायचं, बाकी देवाच्या हाती."

मी सोळा पानं काढली. देठ दोन बोटं ठेवून तिरका काप दिला. नारळाचा भुसा, वाळू आणि कुजलेला पाला सारखा मिसळला. पसरट लहान कुंड्या आणल्या, कारण हिची मुळं खोल जात नाहीत. प्रत्येक पान देठापुरतं खोचलं आणि वर काचेची बरणी पालथी घातली, आत वाफ धरावी म्हणून. बरण्यांच्या आत पाण्याचे थेंब धरले तेव्हा मला धुलाईघराची खिडकी आठवली. आता पाणी मोजून. भुसा मुठीत दाबला तर ओल लागावी, पण थेंब पडू नये.

त्याच आठवड्यात लेकीनं विचारलं, 'भिंगरी कशी आहे?'

मी लिहिलं, 'बरी आहे. काळजी नको.'

महिन्यानं पानं हलेनाशी झाली, म्हणजे मुळं धरली. अडीच महिन्यांनी देठाशी उंदराच्या कानाएवढी हिरवी टोकं दिसली. सोळाच्या सोळा. मी ती वेगळी केली, लावली, खिडकीत मांडली, सगळ्यांना दर रविवारी पाव वळसा दिला. लेक दर पंधरवड्याला विचारायची, मी कळवायचो. आता तर ते खोटंही वाटत नव्हतं. एकीच्या जागी सोळा झाल्या होत्या. ती आल्यावर काय म्हणेल, हे मी मनात घोळवायचो. म्हणेल, बाबा, तुमच्या हाताला गुण आहे.

नवव्या महिन्यात पहिली कळी उमलली. जांभळी. नुसती जांभळी.

पहिलं फूल असेल तसं, म्हटलं. पट्टे मागून येत असतील, जसे मांजराच्या पिल्लाचे डोळे मागून उघडतात. दुसरी कुंडी जांभळी. तिसरी जांभळी. सात झाल्यावर मी मोजणं सोडलं, आणि एक कुंडी पिशवीत घालून गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेलो.

तिथला माळी माझ्याच वयाचा, कानात कापूस घातलेला. फूल बघून म्हणाला, "छान आहे की. निरोगी आहे. अडचण काय?"

"हिची आई पट्ट्यांची होती. पांढऱ्यावर जांभळा पट्टा."

"मग? पान लावलंत?"

"सोळा लावली."

त्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "पट्ट्याची कधी पानापासून होत नाही, दादा. तुम्ही काम काय करायचात?"

"धुलाईघरात होतो."

"मग कळेल तुम्हाला. पट्ट्याचं झाड म्हणजे अस्तर लावलेला कपडा. आत एक झाड, बाहेर दुसरं, दोन्ही एकत्र वाढतात म्हणून पट्टा उमटतो. पान लावलं की नवीन रोप एकाच कापडाचं निघतं. दुसरं कापड मागंच राहतं. हिला एक तर फुलाच्या दांड्यापासून करावं लागतं, नाही तर पिल्लापासून. ते कडेला बारके कोंब येतात ना बेचक्यात? ते काढून लावायचे. त्यात अस्तर आणि कापड दोन्ही येतं."

"पिल्लं काढत होतो मी."

"मग झालं तर! कुठं लावलीत?"

मी कुंडी परत पिशवीत ठेवली. आपल्यालाच ऐकू आलं नसेल असं वाटून तो जवळ आला. "कुठं लावलीत म्हणतो?"

"टाकली."

तो बिचारा उगाच सांगत बसला की हे झाड मुळात आफ्रिकेतल्या डोंगरांवरचं, दाट जंगलातलं, ओल्या कपारीत वाढणारं, तिथं ऊन पानांतून गाळून येतं, वारा लागत नाही. म्हणून हिला ऊब हवी, ओल हवी, पण पाय चिखलात नकोत. मी मान डोलावत राहिलो. मला दिसत होती ती ठिगळाची सुई. पिल्लू काढल्यावर बायको ते कुठे नेते हे बघायला एकदा तरी मी दारातून आत जायला हवं होतं. सोळा पानं जपली आणि जे जपायचं ते दर रविवारी स्वतःच्या हातानं बादलीत टाकलं.

लेक यायला महिना उरला होता. मला मोठ्या सिस्टर आठवल्या.

त्यांचं घर शोधायला दोन दिवस गेले. तिसरा मजला. दार उघडून त्यांनी आधी माझ्या सदऱ्याची कॉलर बघितली. "इस्त्री कुणी केली? तुम्ही? एकतीस वर्षांत हेच शिकलात?"

"सिस्टर, बायकोनं तुम्हाला भिंगरीचं पिल्लू दिलं होतं."

"आहे की! या ना आत."

चपला काढून मी त्यांच्यामागून गेलो. खिडकीत कुंडी होती, ताटाएवढी पसरलेली, फुलांनी गच्च. जांभळी.

"ही ती नव्हे," मी म्हणालो.

"ही तीच. पहिलं रोप दोन वर्षांत गेलं, पण मी आधीच तिचं पान लावून ठेवलं होतं. वंश बुडू दिला नाही."

"सिस्टर, तिला पट्टे होते."

"कसले पट्टे?"

"पांढऱ्यावर जांभळे. भिंगरीसारखे. म्हणून तर नाव भिंगरी."

त्यांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे बघितलं. "नाही हो. ही अशीच होती. तुमचा काहीतरी घोळ होतोय. बायको गेल्यावर होतं असं."

जिना उतरताना मला वाटून गेलं की पट्टे नव्हतेच म्हणावं. जग म्हणतंय नव्हते, तर नव्हते. पण पट्टे बघितलेलं आणखी एक माणूस होतं, आणि ते माणूस गाडीचं तिकीट काढून बसलं होतं.

लेक सकाळी आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा खोका. खोक्याला हवेसाठी भोकं पाडलेली, आत कापूस, आणि मधोमध कुंडी बसेल असं नेमकं गोल कापलेलं. चष्म्याच्या काचा बसवणाऱ्या हातांचं काम. तिनं खोका टेबलावर ठेवला आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेलो. सोळाही कुंड्या फुलल्या होत्या.

"अरे वा, एवढ्या!" ती म्हणाली. मग इकडून तिकडे बघत राहिली. "आणि भिंगरी कुठंय?"

"या सगळ्या तिच्याच आहेत."

"तिच्या असतील. भिंगरी कुठंय, बाबा?"

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होतो की ऊन बदललं, पाणी बदललं, वय झालं की झाडाचा रंग उतरतो. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. पाणी, कुजणं, पानं, माळी, सिस्टर.

"पानं लावलीत?" ती म्हणाली. "भिंगरीची? आई कधीच पान लावायची नाही. जुनं झाड थकलं की पिल्लू लावायची. मी शाळेत होते तेव्हा धुलाईघरात दाखवलं होतं तिनं मला. सुईनं काढायचं, ओल्या भुशात टेकवायचं, वर ग्लास पालथा घालायचा. तुम्ही बघितलं नाहीत कधी?"

"काढताना बघितलं होतं."

"आणि लावताना?"

"लावताना नाही."

ती खिडकीला पाठ लावून उभी राहिली. "मरायला लागली तेव्हा एखादं पिल्लू होतं तिच्या अंगावर?"

इथं खोटं बोलता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं.

"दोन होती. आठ दिवस आधी काढून टाकली मी. म्हटलं, तेवढाच तिचा भार हलका होईल."

"मला का नाही विचारलंत? फोन होता ना. दर पंधरा दिवसांनी मी विचारत होते की भिंगरी कशी आहे. एका शब्दात सांगितलं असतं मी तुम्हाला. पिल्लू लावा. एवढंच."

"तुला विचारायचं म्हणजे ती मरतेय हे सांगावं लागलं असतं."

तिनं फोन काढला, बोटानं बरंच मागं नेला आणि माझ्यासमोर धरला. "हे आईच्या वेळचं." पुन्हा पुढं आणला. "आणि हे भिंगरीच्या वेळचं. वाचा. येतं ना आता वाचता?"

दोन्हीकडे तेच दोन शब्द होते. शुद्ध लिहिलेले.

"मला करू द्यायची होती काळजी," ती म्हणाली. "दुसरं काय मागत होते मी?"

बोलण्यासारखं काही असतं तर ते मी दीड वर्षापूर्वीच बोललो असतो.

आठ दिवसांची रजा होती, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाली. दुकानात काम निघालं म्हणाली. मी म्हटलं, यांतली एखादी तरी ने. आईच्याच झाडाची आहे, निम्मी तरी तिचीच.

"नको बाबा. मग रोज दिसेल की ती नाही."

खोका टेबलावरच राहिला. विसरली की ठेवला, हे मी विचारलं नाही. ती पोहोचल्यावर एक शब्द आला, 'पोचले.' मी उत्तर लिहायला घेतलं. बोट सवयीनं पहिल्या अक्षराकडे गेलं. ते पुसलं, आणि दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच पाठवलं नाही. तिनंही त्यानंतर काही विचारलं नाही. आता विचारण्यासारखं इथं आहे तरी काय?

जांभळ्यांनाही कडेनं पिल्लं येतात. ती मी आता टाकत नाही. सुईनं काढतो, ओल्या भुशात टेकवतो, वर ग्लास पालथा घालतो. सगळी जगतात. एकही मरत नाही. कुंड्या तेवीस झाल्या आहेत, वहिनींनी दोन नेल्या, बाकीच्यांना जागा पुरत नाही, खिडकी झाकली गेली आहे आणि स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो.

रविवारी सगळ्यांना पाव वळसा देतो. भिंगरीची कुंडी फिरवली की पट्ट्यांमुळे फूल खरंच फिरल्यासारखं दिसायचं. या फिरवल्या तरी कळत नाही. कुठली फिरवली आणि कुठली राहिली, हे माझंच मला आठवत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.